ठक् वाजलं की चहा

माझ्या ताईचा नवरा काय करतो, असं कुणी विचारलं की मी पूर्वी विषय बदलायची. माणूस सुतार असतो, गवंडी असतो, गेला बाजार कुठेतरी शिपाई तरी असतो. आमचे भाऊजी पिनबॉलची यंत्रं दुरुस्त करायचे आणि दुरुस्त झाली की त्यांच्यावर खेळायचे. खेळायचा पगार घेणारा आमच्या घरातला हा पहिलाच जावई. लग्न ठरलं तेव्हा आमच्या वडिलांनी कपाळाला हात लावला होता. ताई मात्र म्हणाली, "खेळतात तर खेळू देत. बाहेर पितात, मारतात त्यापेक्षा बरं."

बाजाराच्या मागच्या रस्त्याला एक लांबट, बुटका हॉल आहे. पायऱ्या उतरून आत जायचं. पुढच्या भागात बिलियर्डची टेबलं, मागच्या भिंतीला ओळीने पिनबॉलची यंत्रं, आणि दाराजवळ ताईचा चहाचा काउंटर. समोरच माझं शिवणकामाचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ताईकडे जाऊन बसायची, तिच्या हातचा चहा प्यायची आणि भाऊजींवर तोंडसुख घ्यायची. मेहुणीचा तेवढा हक्क असतोच.

ज्यांनी पिनबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाय लावलेली एक पेटी असते, वरचा पृष्ठभाग आपल्याकडे उतरता, त्यावर काच. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते आणि बंपरवर, म्हणजे उसळवणाऱ्या रबरी खुंट्यांवर आपटत, दिवे पेटवत, आकडे वाढवत खाली घरंगळते. खाली मधोमध फट असते. गोळी तिच्यात गेली की मेली. फटीच्या दोन्ही बाजूंना बोटाएवढे दोन फ्लिपर असतात, पेटीच्या कडेची बटणं दाबली की ते उडतात आणि गोळी परत वर जाते. ठरलेला आकडा गाठला की यंत्राच्या पोटात एक दट्ट्या लाकडावर आदळतो, ठक्, आणि एक डाव फुकट मिळतो.

भाऊजींनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. यंत्र बिघडलं की त्यावर चादर टाकायची. दुरुस्ती झाली की स्वतः खेळायचं आणि ते ठक् ऐकू येईपर्यंत खेळून झालं की चादर परत टाकायची. "ज्याच्या हाताने दुरुस्ती, त्याच्या हाताने ठक्," असं ते म्हणायचे. एखादा फ्लिपर किंचित आळशी असेल, एखादं रबर सैल असेल, तर ते स्क्रूड्रायव्हरला कळत नाही, खेळणाऱ्याच्या बोटांना कळतं, असं त्यांचं म्हणणं. मालकाला हा सगळा वेळकाढूपणा वाटायचा, पण त्यांनी सोडलेलं यंत्र पुन्हा लवकर बिघडायचं नाही, म्हणून तोही गप्प बसे. ठक् वाजलं की ताई काउंटरवर त्यांचा कप भरून ठेवायची. हाक नाही, निरोप नाही. ते हात पुसत येत, चहा पीत आणि पुढच्या यंत्राकडे जात. त्या दोघांचं दिवसातलं निम्मं बोलणं त्या एका आवाजात उरकायचं.

मी त्यांना पुष्कळदा खेळताना पाहिलं. पाहण्यासारखं त्यात काहीच नसायचं, हीच गंमत. बाकीचे लोक पेटीवर तुटून पडत, दोन्ही बटणं एकदम बडवत, ओरडत. भाऊजी पाहुण्याच्या घरी उभं राहावं तसे उभे राहत.

एकदा मी त्यांना डिवचलं. "भाऊजी, एवढा काय विचार करता? गोळी आली की हाणायची, झालं."

"मेहुणीबाई," ते नजर न हलवता म्हणाले, "हाणणाऱ्याचीच गोळी लवकर मरते."

मग त्यांनी मला दाखवलं. गोळी वेगाने खाली येत होती. त्यांनी फ्लिपर उचलून तसाच धरला, गोळी त्याच्या कुशीत येऊन थांबली. "आता ती माझी. आता बघायचं कुठला दिवा लागलाय." बंपर धडाधडा वाजतात, पण त्यांच्याकडून आकडे चिल्लर मिळतात. खरी कमाई कडेच्या टार्गेटांची, गोळी लागली की आडव्या होणाऱ्या उभ्या पट्ट्यांची. ती सगळी पाडली की वरचा दिवा लागतो आणि त्यापुढे प्रत्येक टोला दुप्पट मोजला जातो. म्हणून आधी दिवा, मग आकडे. गोळी सोडायची ती फ्लिपरवरून घरंगळू द्यायची. मुळाशी असताना मारली तर ती उभी वर जाते, टोकाशी येऊन मारली तर तिरकी समोरच्या बाजूला. दोन्ही फ्लिपर एकदम उडवायचे नाहीत, मधली फट रुंदावते. आणि कधीकधी गोळी समोरून येत असताना बोटच लावायचं नाही. ती या फ्लिपरवर आपटून उडी मारते आणि त्या फ्लिपरवर जाऊन निजते.

"सगळ्यात अवघड तेच," ते म्हणाले. "काही न करणं."

मी म्हटलं, "ते तर आमच्या गिऱ्हाइकांना छान जमतं." ते हसले, पण गोळीवरची नजर हलली नाही.

आणखी एक गोष्ट होती, धक्क्याची. गोळी कडेच्या, थेट खाली उतरणाऱ्या गल्लीत शिरायला लागली की फ्लिपरचा काही उपयोग नसतो. तेव्हा पेटीला तळहाताने नेमका धक्का द्यायचा, गोळी रबराला टेकते त्याच क्षणी. पण यंत्राच्या पोटात एक लोलक टांगलेला असतो, त्याच्याभोवती धातूचं कडं. पेटी जास्त हलली, लोलक कड्याला टेकला, की दिवे विझतात, फ्लिपर मरतात, गोळी डोळ्यांदेखत खाली जाते. याला टिल्ट म्हणतात. लोलकाचं वजन दांडीवर सरकवलं की मधली फट कमीजास्त करता येते. इतर हॉलमध्ये ती मोठी ठेवतात, गिऱ्हाईक खूश राहतं. भाऊजींनी सगळ्या यंत्रांची फट बारीक ठेवली होती आणि वजन कुठे बसवायचं तिथे दांडीवर पेन्सिलीची रेघ ओढली होती. "धक्का हवा तर द्या," ते म्हणत, "पण त्याची किंमत यंत्राला कळली पाहिजे."

त्यांचा डावा हात कापतोय हे पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं, कारण मी शिंपीण, माझी नजर लोकांच्या हातांवरच असते. कप बशीवर वाजत होता. मग ताईच्याही लक्षात आलं. डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला. औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही, असं सरळ सांगितलं. भाऊजींनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "बोटं की मनगट?" डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी सांगितलं, दोन्ही.

त्यानंतर यंत्रांवर चादरी साठायला लागल्या.

दुरुस्ती ते करायचे, पूर्वीपेक्षा वेळ लागायचा इतकंच. पण खेळायला उभे राहिले की डावा तळवा पेटीच्या कडेवर थरथरायचा, ती थरथर पेटीत उतरायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या गोळीलाच दिवे विझायचे. त्यांनीच बांधलेला लोलक त्यांनाच बाहेर काढत होता. पुन्हा दांडा ओढायचा, पुन्हा अंधार. हॉल उघडायच्या आधीच्या त्या सकाळी मी काउंटरवर बसून ते ऐकलेलं आहे. बंपरचा गलका मध्येच तुटायचा. ताई किटलीच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहायची. ठक् यायचं नाही आणि चहा कोमट व्हायचा.

मालक वाईट माणूस नव्हता. पण चादरी मोजता येतात. तो ताईला म्हणाला, "वहिनी, वर्षअखेरपर्यंत बघतो. यंत्रं अशी झाकूनच राहणार असतील तर जागा अडवून काय उपयोग? ती देऊन टाकतो आणि पत्त्यांची टेबलं मांडतो. मिस्त्रींना मी उपाशी ठेवणार नाही, दाराशी बसवतो खुर्चीवर." तो हे चांगुलपणाने म्हणाला, आणि तेच ताईच्या जिव्हारी लागलं. दाराशी खुर्चीवर बसलेले भाऊजी तिला डोळ्यांसमोर आणवेनात. मलाही.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आली. म्हणाली, "तुझा बारका स्क्रूड्रायव्हर दे, मशीनचा."

"कशाला?"

"दे म्हटलं ना."

माझी ताई हळू आवाजात बोलली की वाद घालायचा नसतो. मी दिला. भाऊजी औषध आणायला गेले होते. तिने खिळ्यावरच्या किल्ल्या काढल्या, जहाजाचं चित्र असलेल्या यंत्राचं दार उघडलं आणि लोलकाचं वजन पेन्सिलीच्या रेघेवरून खाली सरकवलं, म्हणजे फट रुंद झाली. इतकी वर्षं काउंटरमागून बघून तिला सगळं ठाऊक झालं होतं, फक्त कुणी तिला विचारलं नव्हतं.

भाऊजी आले, खेळायला उभे राहिले. पहिली गोळी छान चालली. दुसरी त्याहून छान. मग ठक्. ताईने इतक्या घाईने चहा ओतला की बशी भरली. मी टाळ्या वाजवल्या. भाऊजी मात्र पेटीवर हात ठेवून उभेच राहिले. ते कापणाऱ्या हाताकडे बघत होते, आणि मग त्या हाताखालच्या शांत पेटीकडे. जन्मभर त्या पेटीच्या पोटात काय कुठे टांगलंय हे बोटांनी ओळखणारा माणूस. त्याला कळायला असा किती वेळ लागणार?

ते आले, चहा प्यायले, कप विसळून ठेवला. "छान झालाय," एवढंच म्हणाले. आणि यंत्रावर चादर परत टाकली.

सकाळी ताईने यंत्र उघडून पाहिलं. वजन परत रेघेवर होतं, घट्ट. ती माझ्या दुकानात येऊन कापडाच्या ताग्यावर बसली आणि रडली. "मी त्यांचा अपमान केला गं." मी म्हटलं, "तू माया केलीस." ती म्हणाली, "त्यांच्या पाठीमागे केली ना."

घरी तो विषय निघालाच नाही. पण त्याच आठवड्यात भाऊजी तिला म्हणाले, "अगं, काउंटर जरा बहिणीवर सोड. माझ्या डाव्या बाजूला उभी राहा."

असा तो प्रकार सुरू झाला. उजवं बटण त्यांचं, डावं ताईचं, आणि त्यांचा डावा हात खिशात. मी उभ्या आयुष्यात त्या दोघांना भांडताना ऐकलं नव्हतं, ती सगळी थकबाकी त्या दिवसांत भागली.

"दाबू नकोस!"

"अहो, गोळी आली होती ना!"

"येऊ दे. आली की दाबायलाच हवं का? पाहुणे आले की लगेच ताट वाढतेस का?"

"हो, वाढते!"

"तेच चुकतं तुझं."

हळूहळू ती शिकली. गोळी धरायला शिकली, दिवा बघायला शिकली. बंपरच्या आवाजाला भुलायचं नाही हे तिला त्यांच्यापेक्षा लवकर जमलं. इतकी वर्षं काउंटरवर बसून कुणाच्या आरडाओरड्याला किती भाव द्यायचा हे तिला चांगलं कळत होतं. पण दोघांच्या दोन बटणांनी यंत्र काही ठक् म्हणेना. दोन माणसांच्या मनात एकाच वेळी एकच विचार यायला लागतो, आणि तो क्षणभर उशिराच यायचा. तोवर त्यांचा उजवा हातही डाव्याच्या वाटेने निघाला. तारा जोडायची सोल्डरची कांडी त्यांच्या बोटांतून निसटायला लागली.

मग ते स्टुलावर बसून सांगत आणि ताई करी. "ती तार नाही, तिच्या खालची. हां. टेकव. उचल." तिची बोटं भाजली, नखं काळी झाली. जहाजाच्या यंत्राचे दोन्ही फ्लिपर तिने उतरवले, साफ केले, बसवले. काम संपलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "ज्याच्या हाताने दुरुस्ती, त्याच्या हाताने ठक्. आता तुझं तू बघ." आणि स्टूल उचलून, म्हणजे पायाने सरकवत सरकवत, काउंटरपाशी जाऊन बसले.

ती रोज खेळायची. रोज आकडा वर चढायचा, आणि रोज ती एकाच जागी हरायची. गोळी कडेच्या गल्लीकडे वळली की ताई दोन्ही हात पेटीवरून उचलून घ्यायची, आणि गोळी निमूटपणे मरायची. धक्का द्यायचा नाही म्हणजे नाही. मी वैतागले.

"ताई, ढकल ना जरा! सगळे ढकलतात!"

"मी नाही ढकलणार."

"का?"

तिने पुन्हा दांडा ओढला, पण मला कळलं. एकदा त्या लोलकाला तिने चोरून हात लावला होता. आता त्याच्यापुढे तिला हक्काने उभं राहता येत नव्हतं. भाऊजी काउंटरमागून हे सगळं बघत होते. त्यांनाही कळलं असणार. मला त्यांचा राग आला. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? आजारी माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावले होते, आणि तो राग मला आठवतो.

वर्ष संपत आलं. त्या सकाळी मालक पायऱ्या उतरून आला. त्याच्यामागे एक माणूस मोजपट्टी घेऊन, टेबलांसाठी जागा मोजायला. मालकाने आमच्याकडे पाहिलं नाही. ताई जहाजाच्या यंत्रापाशी उभी होती. तिने एकदा पदराला हात पुसले आणि दांडा ओढला.

मला आकडे कळत नाहीत, पण चेहरे कळतात. पहिली गोळी लवकर गेली. दुसरीवर तिने टार्गेटांची ओळ पाडली, एकेक करून, मध्ये गोळी धरून, श्वास घेऊन. वरचा दिवा लागला. मोजपट्टीवाला मोजायचं थांबला. तिसरी, चौथी. शेवटच्या गोळीला आकडा इतका जवळ आला होता की मालकही पुढे सरकला. गोळी वरून सुटली, बंपरवर आदळली, तिरकी झाली आणि सरळ डावीकडच्या गल्लीकडे निघाली. ताईचे हात पेटीवरून उचलायला लागले.

"ढकल गं!"

भाऊजींचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. आजाराने तो बारीक झाला होता, तरी हॉलच्या टोकापर्यंत गेला. "लोलक मी बांधलाय! ढकल!"

तिने ढकललं. तळहाताने नाही, सगळ्या अंगाने, जसं अडलेलं दार ढकलावं तसं. दिवे लुकलुकले. दिवे विझले नाहीत. गोळी रबरावरून उसळून आत आली, उजव्या फ्लिपरवर आपटली. ताईने बोट लावलं नाही. गोळीने उडी मारली आणि डाव्या फ्लिपरवर येऊन निजली. मग ताईने ती टोकापर्यंत घरंगळू दिली आणि मारली, तिरकी, समोरच्या बाजूला.

ठक्.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालकाने मोजपट्टीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाहेर घेऊन गेला. ताई यंत्राकडे तोंड करूनच उभी होती, तिची पाठ हलत होती.

मी काउंटरकडे वळले, सवयीने, किटली घ्यायला. भाऊजींनी मान हलवली. नको. त्यांनी दोन्ही हातांनी किटली उचलली. झाकण खडखडत होतं. कप त्यांनी काउंटरच्या कडेला दाबून धरला, कोपराने, आणि ओतायला लागले. अर्धा चहा बशीत गेला, थोडा काउंटरवर, थोडा त्यांच्या बाहीवर. मी हात पुढे केला नाही. तेवढं मी एव्हाना शिकले होते.

ताई आली. तिने तो सांडलेला कप बघितला आणि मग त्यांच्याकडे बघितलं.

"ते वजन मी सरकवलं होतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," भाऊजी म्हणाले. "चहा घे. गार होईल."

भाऊजी त्यानंतर दोन हिवाळे काढून गेले. शेवटी शेवटी त्यांना स्टुलावर बसवून टेकू द्यावा लागे, पण ठक् वाजलं की किटलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. आता किल्ल्या ताईच्या कमरेला असतात. पेन्सिलीच्या रेघा तिने पुन्हा ठळक केल्या आहेत. काउंटर मी बघते.

परवा राणीच्या चित्राचं यंत्र तिने उघडलं होतं. दुपारी ठक् ऐकू आलं. मी कप भरून ठेवला. ती हात पुसत आली, कपाकडे बघितलं आणि तिथेच उभी राहिली.

"काय झालं गं?" मी विचारलं. "साखर कमी आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "बशी कोरडी आहे."